प्रकल्प संपला, गाड्या परत गेल्या. पाणी वापर संस्थांच्या पाठीशी आता कोण?

शेवटची_चारी (धागाकर्ता)

पाणी वापर संस्था (एका कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी पाणी वाटायला आणि पट्टी गोळा करायला केलेली संस्था) कशी स्थापन करावी यावर विकसनशील देशांत ढिगाने पुस्तिका निघाल्या आहेत. स्थापनेनंतर सहाव्या-सातव्या वर्षी तिचं काय होतं, यावर मात्र फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा.

चित्र बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. कर्ज किंवा अनुदान देणाऱ्या एखाद्या बँकेचा प्रकल्प येतो आणि कालव्यांची दुरुस्ती होते. सोबत शेतकऱ्यांच्या संस्था बांधायला संघटक येतात. ते सभा घेतात, पोटनियम समजावतात, सचिवाला किर्द लिहायला शिकवतात. चारीच्या, म्हणजे शेतांपर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या कालव्याच्या, तोंडाशी किती पाणी आलं ते कसं वाचायचं, कोणाला कधी पाणी याचं पाळीपत्रक कसं लावायचं, हेही दाखवतात. वरचा आणि खालचा शेतकरी भांडले की मध्ये बसतात. मग प्रकल्पाची मुदत संपते. कालवा राहतो, संस्थेचा शिक्का राहतो, संघटक जातो.

पुढची घसरण ठरलेल्या क्रमाने होते. आधी लेखापरीक्षण थांबतं. हिशेब तपासलेला नाही म्हणून सर्वसाधारण सभा पुढे ढकलली जाते. सभा नाही म्हणून पाणीपट्टीचा दर वाढत नाही. दर वाढला नाही की गाळ काढायला पैसा उरत नाही, आणि गाळ साचला की पाणी शेवटच्या टोकाला पोचत नाही. टोकाचा शेतकरी मग पट्टी का भरेल? संस्था एका दिवसात बुडत नाही, ती अशी आटत जाते.

श्रीलंकेतल्या गल ओया सिंचन योजनेचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. डाव्या कालव्यावर १९८१ पासून तरुण पदवीधरांना ‘संस्था संघटक’ म्हणून गावांत ठेवलं. कालव्याच्या वरच्या अंगाला बहुतांश सिंहली शेतकरी, टोकाला तमिळ. सिंहली-तमिळ तणावाच्या त्या काळातही वरच्यांनी खालच्यांसाठी पाणी सोडलं, चाऱ्या एकत्र साफ केल्या. जगभर कौतुक झालं. पण संघटकांच्या नोकऱ्या तात्पुरत्या होत्या. शिक्षकांच्या कायम जागा निघाल्या तसे ते भराभर तिकडे गेले. त्यांना दोष देता येत नाही, कोणीही तेच केलं असतं. मुळात त्या कामाला पगाराची कायम जागा कोणी ठरवलीच नव्हती.

गंमत अशी की तिथले गट लगेच कोसळले नाहीत, बरीच वर्षं टिकले. म्हणजे संघटक कायमचाच लागतो असं नाही. पण हिशेब, मोजमाप, मोठी दुरुस्ती, खात्याशी करार आणि तंटे या कामांना कोणीतरी जाणता माणूस हाकेच्या अंतरावर लागतोच.

माझं म्हणणं थोडक्यात असं. साहाय्य करणारा माणूस चांगला आहे की नाही हा दुय्यम प्रश्न. त्याचा पगार कोण देतं आणि त्याला ‘उद्यापासून येऊ नका’ असं कोण सांगू शकतं, हे आधी बघावं. पगार प्रकल्प देत असेल तर तो प्रकल्पाचा अहवाल लिहितो. शेतकरी देत असेल तर शेतकऱ्याची चोपडी लिहितो.

अनुभव आणि विरोधी मतं, दोन्हींचं स्वागत.

---

पाणथळ

वाचतोय. चांगला विषय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

हिशेबनीस

तुमच्या घसरणीच्या क्रमात लेखापरीक्षण पहिलं आलं हे बरोबरच आहे. आमच्या धंद्यातला माणूस म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पश्चिम आफ्रिकेत मालीमध्ये ‘ऑफिस द्यु निजेर’ नावाचं अवाढव्य सिंचन क्षेत्र आहे, नायजर नदीच्या पाण्यावर चालणारी भातशेती. फ्रेंच वसाहतीच्या काळात कापसासाठी सुरू झालेलं. तिथल्या गावसंघांकडे ऐंशीच्या दशकात मळणी, खतखरेदी, कर्जवाटप अशी बरीच कामं आली. हिशेब सांभाळायची तयारी मात्र नव्हती. पुढच्या दशकात अनेक संघ कर्जात बुडाले, आणि कोणाचं देणं किती यावर गावागावांत भांडणं लागली.

त्यातून नव्वदच्या दशकात ‘फरानफासी सो’ नावाची सेवाकेंद्रं उभी राहिली. शेतकरी संघटना या केंद्रांच्या सभासद होतात, वर्गणी देतात, आणि केंद्राचा सल्लागार त्यांचे हिशेब लावून देतो, करार वाचून दाखवतो, बँकेशी बोलताना सोबत बसतो. केंद्राच्या कारभारी मंडळावर शेतकरीच. सुरुवातीचा मोठा खर्च फ्रेंच मदतीतून झाला, तो लपवण्यात अर्थ नाही. पण सल्लागाराने वर्षाच्या शेवटी कोणापुढे उभं राहायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

सेनेगल नदीच्या खोऱ्यातही व्यवस्थापन केंद्रांचा असाच प्रयोग झाला. तिथे एक गोष्ट कामी आली. कर्ज देणाऱ्या बँकेला गटाचा स्वच्छ ताळेबंद हवा असतो. ताळेबंद असेल तर हंगामाचं कर्ज सुटतं, म्हणून गट हिशेबाच्या सेवेला पैसे मोजायला तयार होतात. इथे शिकण्यासारखं हे, की ज्या सेवेचा फायदा याच हंगामात हातात पडतो तिला गिऱ्हाईक मिळतं. ‘क्षमता बांधणी’ला कोणी खिशात हात घालत नाही, आणि घालूही नये.

---

गेज_रीडर

>> ‘क्षमता बांधणी’ला कोणी खिशात हात घालत नाही

हे फ्रेम करून लावायला हवं. एवढ्या कार्यशाळांना बसलोय की चहाची चव पाठ झाली.

---

कालव्यावरचा_साहेब

पाटबंधारे खात्यात नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे जरा बाजू मांडतो.

सगळ्या चर्चेत आकाराचा मुद्दा सुटतो. मेक्सिकोचं कौतुक सगळेच करतात. १९८९ मध्ये त्यांनी राष्ट्रीय जल आयोग काढला आणि लगेच सिंचन जिल्हे शेतकऱ्यांकडे सोपवायला सुरुवात केली. नव्वदचं दशक अर्धं सरेपर्यंत मोठा भाग हस्तांतरित झाला होता. पण तिथला एकेक ‘मोड्युलो’, म्हणजे एका संघटनेकडे सोपवलेलं क्षेत्र, हजारो हेक्टरांचा. पाणीपट्टी जमते ती एवढी, की संघटना स्वतःचा व्यवस्थापक, अभियंता, कालवा निरीक्षक पगारावर ठेवू शकते. शिवाय मोड्युलो एकत्र येऊन मुख्य कालव्यासाठी वेगळी कंपनी करतात, तिच्याकडे उत्खनन यंत्रं असतात. सुरुवातीची बरीचशी यंत्रं सरकारनेच दिली होती, हेही लक्षात घ्या.

दक्षिण आशियातली संस्था काहीशे हेक्टरांची. एवढ्या क्षेत्रावर पूर्णवेळ सचिवाचा पगारही जेमतेम निघतो, अभियंता कुठून ठेवणार? आणि खरं तर रोज अभियंता लागतही नाही. वर्षातून थोडे दिवस लागतो: आवर्तनाआधी (कालव्याला पाणी सुटण्याआधी) चारीची पाहणी, अंदाजपत्रक, गेट वाकलं तर, फ्लूममध्ये (चारीतला प्रवाह मोजायच्या साधनात) गडबड वाटली तर. त्यामुळे एकट्या संस्थेने नोकर ठेवण्यापेक्षा पंधरा-वीस संस्थांनी मिळून एक माणूस आणि एक जेसीबी ठेवणं शहाणपणाचं. म्हणजे वितरिका (मुख्य कालव्याची शाखा) किंवा प्रकल्प पातळीवर संघ. साहाय्यसेवेचा खरा पाया तिथेच आहे, असं माझं मत.

महाराष्ट्रात वाघाडला नेमकं हेच घडलं. नाशिक जिल्ह्यातला मध्यम प्रकल्प. सुरुवात तीन संस्थांनी केली, वाढत चोवीस झाल्या आणि त्यांची प्रकल्पस्तरीय संस्था झाली. त्यामागे ओझरचं समाज परिवर्तन केंद्र होतं, बापूसाहेब उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभं केलेलं. ती माणसं लाभक्षेत्रातलीच असल्यामुळे प्रकल्पाची मुदत संपली म्हणून निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे २००५ साली राज्यात सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला आणि संस्थांना घनमापनाने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, पाणी देण्याची तरतूद झाली. पण कायद्याने संस्था जशा भराभर स्थापन झाल्या, तशी ओझरसारखी केंद्रं कायद्याने उगवली नाहीत.

---

उलटतपासणी

विरोधी मत मागितलंत म्हणून.

शेतकऱ्याने साहाय्यसेवेचे पैसे द्यावेत हे कोणी ठरवलं? धरण, मुख्य कालवा आणि पुराचं नियंत्रण ही सार्वजनिक कामं. शेतीविस्तार सेवा बहुतेक देशांत फुकट असते. आरोग्यसेविकेला गावाने पगार द्यावा असं आपण म्हणत नाही. मग पाण्याच्या संस्थेला सल्ला देणाऱ्यानेच तेवढं गिऱ्हाईक का शोधायचं? ऐंशी-नव्वदच्या दशकात सरकारांच्या तिजोऱ्या रिकाम्या झाल्या, कर्ज देणाऱ्यांनी खर्च कमी करा म्हणून सांगितलं, आणि ‘सहभाग’ नावाने तो बोजा शेतकऱ्यावर टाकला गेला. हस्तांतरणाचा इतिहास या बाजूनेही वाचायला हवा.

फिलिपिन्सने तर २०१८ मध्ये कायदाच केला: आठ हेक्टरांपर्यंत जमीन असलेल्याला सिंचन शुल्क नाही. लोकशाहीत शेतकऱ्यांनी मागितलं, मिळालं. त्यात वाईट काय?

---

शेवटची_चारी (धागाकर्ता)

@उलटतपासणी, फिलिपिन्स काढलंत हे बरं झालं, कारण या विषयातला सगळ्यात खोल अनुभव त्यांचाच आहे.

१९७४ च्या एका अध्यादेशाने तिथल्या राष्ट्रीय सिंचन प्रशासनाला शुल्क गोळा करून स्वतःच्या पायावर उभं राहायला सांगितलं. चालू खर्चासाठी सरकारी अनुदानावर विसंबायचं नाही. त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. शुल्क आलं नाही तर आपलेच पगार अडचणीत, म्हणून खात्याला शेतकऱ्याची विचारपूस करणं भाग पडलं. १९७६ मध्ये लूझोन बेटावर लाउर इथे त्यांनी पहिल्यांदा संघटक नेमले, आणि अभियंत्याने आराखडा काढण्याच्या आधी त्यांना गावात पाठवलं. बंधारा कुठे, चारी कोणाच्या शेतातून, हे शेतकऱ्यांशी बोलून ठरू लागलं. राष्ट्रीय योजनांमधलं शुल्क भाताच्या वजनात धरलेलं असे: पावसाळी हंगामाला हेक्टरी साधारण १०० किलो, कोरड्या हंगामाला १५०. शिवाय वसुलीत मदत करणाऱ्या संघटनेला वसुलीतला वाटा मिळे.

शुल्क माफ झाल्यावर शेतकऱ्याची बचत झाली, ती खरी आणि हवीच होती. पण खात्याचा पैसा आता अंदाजपत्रकातून येतो. शेतकरी नाराज झाला तर खात्याचं उत्पन्न घटत नाही. माझा आक्षेप फुकट पाण्याला नाही, तुटलेल्या या धाग्याला आहे. सरकारने पैसा जरूर द्यावा, पण तो शेतकऱ्यांच्या संमतीशिवाय सुटणार नाही अशी सोय ठेवावी.

मालीने यावर एक वेगळा मार्ग काढला होता. ऑफिस द्यु निजेरमध्ये पाणीपट्टीचा पैसा देखभालीवर कुठे खर्च करायचा हे ठरवायला संयुक्त समित्या आहेत, त्यात ऑफिसचे आणि शेतकऱ्यांचे प्रतिनिधी समसमान. सरकार, ऑफिस आणि शेतकरी असा तिघांचा करारही असतो. तिथे सगळं सुरळीत आहे असं कोणी म्हणणार नाही, पण पैशाच्या चर्चेत शेतकऱ्याला खुर्ची आहे.

---

मोट_ते_मोटर

खुर्ची असते, पण माइक कोणाकडे असतो?

---

तांब्या_पितळ्या

तुर्कस्तानचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. १९९३ नंतर तिथे हस्तांतरण वाऱ्याच्या वेगाने झालं. काही वर्षांतच लाखो हेक्टर सिंचन संघांकडे गेलं आणि वसुलीही सुधारली. मेक्सिकोच्या बरोबरीने त्याचा दाखला दिला जायचा. २०११ मध्ये संघांसाठी स्वतंत्र कायदा झाला. मग २०१८ मध्ये कायदा बदलला, निवडून आलेले अध्यक्ष गेले आणि त्यांच्या जागी सरकारी जलखात्याने नेमलेले आले. कारण काय दिलं? अनेक संघ कर्जात आहेत, वीजबिलं थकली आहेत, कारभार नीट नाही.

आता यातलं काही खरंही असेल. उपसा सिंचनाच्या संघांना विजेचा खर्च झेपत नाही, हे सगळीकडेच दिसतं. पण प्रश्न हा, की पंचवीस वर्षं हे संघ चालत असताना त्यांचे हिशेब वेळेवर तपासणारी, धोका दिसताच सांगणारी स्वतंत्र यंत्रणा कुठे होती? साहाय्यसेवा नसली की संस्था एक दिवस ‘अकार्यक्षम’ ठरते, आणि मग ती परत घ्यायला सरकारला निमित्त मिळतं. म्हणून मी लेखापरीक्षणाकडे संस्थेचं चिलखत म्हणून बघते.

आंध्रचाही असाच धडा. १९९७ मध्ये एका झटक्यात दहा हजारांहून अधिक संस्थांच्या निवडणुका झाल्या. एवढ्या संस्थांना सांभाळायला मागे किती माणसं होती, याचा हिशेब कोणी लावला होता का? बहुतेक संस्थांचं कामकाज सरकारी दुरुस्ती निधीभोवती फिरत राहिलं आणि पुढच्या निवडणुका वेळेवर झाल्या नाहीत.

---

कालव्यावरचा_साहेब

@तांब्या_पितळ्या, चिलखत हे आवडलं. भर एवढीच: ज्याची तपासणी करायची त्यानेच तपासनीस निवडायचा, असं होऊ नये. धागाकर्त्यांचा ‘शेतकरी पगार देईल तर शेतकऱ्याचं काम करेल’ हा नियम सल्लागाराला लागू पडतो, लेखापरीक्षकाला नाही. तो संघाने किंवा निबंधकाने नेमावा. तंटे मिटवणाराही तसाच. बाकी सेवा बाजारातून घ्या, संघातून घ्या, खात्यातल्या निवृत्त माणसाकडून घ्या.

---

शेवटची_चारी (धागाकर्ता)

मान्य. माझं वाक्य त्या दोन कामांपुरतं मागे घेतो.

---

ओलावा

सगळे ‘शेतकरी’ म्हणताय, पण सभासद कोण?

नेपाळच्या छत्तीस मौजा योजनेचं नाव शेतकऱ्यांनी चालवलेल्या सिंचनाच्या प्रत्येक चर्चेत येतं, आणि यायलाच हवं. तिनाऊ नदीवरचा दीडशेहून अधिक वर्षांचा कालवा, सुमारे साडेतीन हजार हेक्टर. शेतकरी दरवर्षी श्रमदानाने गाळ काढतात, गैरहजर राहिल्यास दंड, आणि ‘मेठ मुख्तियार’ नावाचा त्यांनीच नेमलेला कारभारी. शेजारच्या सोळा मौजा योजनेशी पाण्याची वाटणीही ठरलेली. बाहेरच्या साहाय्याशिवाय एवढं टिकलेलं उदाहरण क्वचितच सापडेल.

पण तिथल्या बायका संघटनेत जवळजवळ नव्हत्याच, असं नव्वदच्या दशकातल्या अभ्यासात दिसलं. आणि मजा म्हणजे अनेकींना ती अडचण वाटत नव्हती. संघटनेबाहेर राहून पाणी मिळत होतं आणि श्रमदान टळत होतं. पुढे नेपाळने संस्थांच्या कार्यकारिणीत तेहेतीस टक्के स्त्रिया हव्यात असा नियम केला. नियम चांगला, पण सभा रात्री, गाळाच्या कामाला पुरुष मजूरच मोजला जातो, आणि रात्रीची पाळी बाईने घ्यायची तर सोबत कोण? साहाय्यसेवा देणाऱ्याला हे प्रश्न विचारायला कोण सांगणार? सभासद पुरुष आणि पैसे देणारे तेच असतील, तर तुमच्या सूत्राप्रमाणे सल्लागार त्यांचंच ऐकेल. भाडेपट्ट्याने जमीन कसणाऱ्याचंही तेच. पाणी तो भरतो, मत मालकाचं.

पुरुष कमाईसाठी परदेशी आणि शेत बाई सांभाळते, अशी गावं नेपाळमध्ये आता भरपूर आहेत. श्रमदानाचे नियम मात्र जुन्या घराला धरून चाललेत. इथे बाहेरचा, शेतकऱ्याने पगार न दिलेला माणूसच लागतो.

---

उलटतपासणी

धन्यवाद @ओलावा. मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही जास्त नेमकं मांडलंत. काही सेवा गिऱ्हाइकाला नको असतात म्हणूनच सार्वजनिक पैशातून द्याव्या लागतात.

---

हिशेबनीस

@ओलावा, बिनतोड मुद्दा आहे.

किर्गिझस्तानबद्दल थोडं. सोव्हिएत सामुदायिक शेतं मोडल्यावर चाऱ्यांना मालकच उरला नाही. २००२ मध्ये संस्थांचा कायदा आला, पुढे चारशेहून अधिक संस्था झाल्या, आणि त्यांच्यासाठी जलखात्यात जिल्हापातळीवर साहाय्य कक्ष नेमले. कक्षात हिशेब समजणारा, पाणी समजणारा, संघटन समजणारा अशी माणसं. पैसा जागतिक बँकेचा. रचना मला आवडते, कारण सेवा संस्थेच्या दारापर्यंत गेली आणि तिन्ही प्रकारची माणसं एका टेबलावर आली. खटकतं ते एवढंच की कक्ष खात्याच्या पोटात. संस्थेचं खात्याशीच भांडण असेल, म्हणजे ठरलेलं पाणी मिळालं नाही असं असेल, तर कक्षातला माणूस कोणाच्या बाजूने बोलणार?

---

नवी_सचिव

सगळं वाचलं. आमची संस्था लहान आहे आणि आम्हाला मदत करणाऱ्या प्रकल्पाचं शेवटचं वर्ष सुरू झालंय. एवढ्यात संघ होणार नाही, कायदा बदलणार नाही. या वर्षात काय पदरात पाडून घ्यावं?

---

कालव्यावरचा_साहेब

@नवी_सचिव, ताई, आधी खात्याशी लेखी करार आहे का बघा, आणि त्यात पाण्याचा कोटा घनमीटरमध्ये लिहिलेला आहे का. नसेल तर प्रकल्पाची माणसं अजून आहेत तोवर त्यांना सोबत घेऊन लिहून घ्या. ती गेल्यावर तुमच्या पत्राला उत्तर यायला वेळ लागेल. दुसरं, चारीच्या तोंडाचं मोजमापाचं साधन खात्याच्या आणि तुमच्या अशा दोघांच्या समोर तपासून घ्या, आणि त्या दिवसाचं वाचन दोघांच्या सहीने दप्तरात ठेवा. भांडण नेहमी तिथेच सुरू होतं. तिसरं, नकाशे, उंच-सखलाची पाहणी, चारीचे आराखडे यांच्या प्रती मागून घ्या. प्रकल्प बंद झाला की हे कागद कुठल्या कपाटात जातात ते देवालाही सापडत नाही.

---

हिशेबनीस

आणि सल्लागाराला या वर्षीपासूनच थोडे पैसे द्यायला लागा, प्रकल्प देत असला तरी. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही. सर्वसाधारण सभेत ‘हिशेब लिहून घेण्याचा खर्च’ असा वेगळा ठराव होऊ द्या आणि पाणीपट्टीत ती ओळ वेगळी दाखवा. पहिल्या वर्षी लोक कुरकुर करतील. त्या कुरकुरीतूनच कळेल की कुठली सेवा त्यांना हवी आहे आणि कुठली आपणच गळ्यात मारतोय.

शेजारच्या दोन-तीन संस्थांच्या सचिवांशी बोलून एकच हिशेबनीस वाटून घेता आला तर बघा. नोंदणीकृत संघ नंतर होईल.

---

मोट_ते_मोटर

फक्त तो अध्यक्षांचा मेहुणा नसावा.

---

नवी_सचिव

@मोट_ते_मोटर, मेहुणा नाही, पुतण्या आहे. 😅 पण लेखापरीक्षक बाहेरचा घ्यायचा हा ठराव या महिन्यातच मांडते. साहेब, मोजमापाच्या साधनाचं एक विचारायचं होतं. आमचा फ्लूम बसवल्यापासून खालच्या बाजूने पाणी तुंबतं, आवर्तन जोरात असलं की तर तो जवळजवळ बुडतोच. खातं म्हणतं वाचन तेच धरा. ते धरायचं का?

---

कालव्यावरचा_साहेब

नाही. फ्लूम बुडालेला असताना फक्त वरच्या मोजपट्टीवरून प्रवाह काढला तर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, म्हणजे न मिळालेल्या पाण्याची पट्टी तुमच्या नावावर. खालच्या बाजूलाही मोजपट्टी असेल तर दोन्ही वाचनं घेऊन दुरुस्ती करता येते. नसेल तर आधी खालच्या चारीतला गाळ आणि गवत काढा, बऱ्याचदा तेवढ्याने तुंब उतरतो. तरीही बुडत असेल तर फ्लूम खाली बसलाय, तो उचलून बसवायला लावा. ते काम प्रकल्पाच्या खर्चात, याच वर्षी. तोवर वाचनाच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘बुडीत’ असा शेरा मारून खात्याच्या माणसाची सही घेत चला.

---

नवी_सचिव

खालची पट्टी आहे, पण गाळात गेलीये. उद्या माणसं लावते.